नीळ नासली तेव्हा

माझ्या छातीत लहानपणी एक खार राहत होती. परवा डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या आणि त्यांनी चिठ्ठीवर माझ्या आजाराचं एक लांबलचक नाव लिहिलं. नाव झकास आहे, पण खार ती खारच. माय पाण्याला गेली आणि यायला जरा वेळ लागला की ती पोटातून निघायची, बरगड्या चढायची आणि गळ्यापाशी येऊन शेपूट फुलवून बसायची. मग घास खाली जात नसे आणि श्वास वर येत नसे. दाराची कडी वाजली तरी मला वाटे, कुणीतरी गेल्याचा निरोप आला. मी एवढी भित्री होते की माझ्या सावलीनं कंटाळून वेगळं बिऱ्हाड केलं होतं. यात खोटं काही नाही. दुपारी बारा वाजता मी अंगणात उभी राहिले की ती दिसत नसे, हे गल्लीतल्या कुणीही सांगितलं असतं.

यावर मीच एक औषध शोधून काढलं होतं. भीती आहे तेवढीच मनात ठेवली तर ती वाढते. तीच शंभरपट करून दुसऱ्याच्या पदरात टाकली की ऐकणारा हसतो, आणि त्याच्या हसण्यानं ती आपल्यापुरती लहान होते. मला काळ्या कुत्र्याची भीती वाटली की मी सांगायची, खाम नदीच्या काठी बैलाएवढा कुत्रा बसलाय आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला नाव-गाव विचारतोय. ऐकणारे हसले की खार खाली उतरायची. पुढं आयुष्यभर मी थापाडी म्हणून जी कीर्ती कमावली, तिचं मूळ एवढंच आहे.

आमचं घर निळीचं होतं. औरंगाबादेत तेव्हा आम्हा निराळ्यांची, म्हणजे निळीत कापड रंगवणाऱ्यांची, तीसेक घरांची गल्ली होती, निम्मी आमची आणि निम्मी हिमरूचं नक्षीदार कापड विणणाऱ्या मुसलमान मंडळींची. आमच्या पडवीत गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले चार रांजण होते. त्यांतला मोठा तो थोरला. माझ्या पणज्यानं तो लावला होता आणि तेव्हापासून कधी रिकामा केला नव्हता. कमी होईल तसं त्यात घालायचं आणि बाकीचे तीन त्याच्याच विरजणावर चालवायचे. दादा, म्हणजे माझे वडील, पहाटे उठून देवाच्या आधी त्याच्या पाया पडत. त्याला चुना लागे, गूळ लागे, टाकळ्याच्या शिजवलेल्या बिया लागत, थंडीत भोवती कडब्याचं पांघरूण लागे. एवढे लाड आम्हा पोरांचे झाले नाहीत. वास मात्र असा की आमच्याकडे पाहुणा आयुष्यात एकदाच येई. आमच्या भाकरीला तो वास होता, अंबाडीच्या भाजीला होता, आणि समोरच्या राबियाचाचीकडून खिचडी-खट्टा आला तर आमचा उंबरा ओलांडेपर्यंत तो खिचडीचा वास असे आणि पुढं निळीचा. दिवसभर चाचीच्या घरातून मागाची खटखट यायची, आमच्याकडून ओल्या कापडाच्या आपटण्याची, आणि भिंतीमागून नहरीच्या खापरी नळातलं पाणी सारखं काहीतरी पुटपुटत असायचं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि नेमकी तीच खरी आहे. नीळ जिवंत असते. ती नासते, रुसते, मरते. जिवंत असली तर रांजणातलं पाणी पिवळट हिरवं दिसतं, वर तांब्यासारखी साय धरते, आणि कापड हिरवं बाहेर येऊन वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. नासली की पाणी नुसतं गढूळ राहतं, साय जाते, आणि त्यात कापड बुडवलं काय नि ओढ्यात बुडवलं काय. मग चुना, गूळ सगळं करून भागलं नाही तर निराळ्यानं करायचा उपाय एकच: गावात एक सणसणीत थाप सोडायची. लोकांनी ती खरी मानली की नीळ सुधारते. हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. काही अचाट कानावर आलं की बायका हसून विचारत, "कुणाची नीळ नासली गं?"

आमच्या घरात हे खातं आत्याकडं होतं. गोदाआत्या दादांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, तपकिरीची डबी कमरेला आणि तोंडात एकही दात नाही. माझा गुण तिनं वेळीच हेरला. मी नऊ वर्षांची असताना ती म्हणाली, "शेवंते, थोरल्याचं पोट बिघडलंय. जा, कायतरी सोडून ये." मी बंब्यावर गेले, नहरीचं पाणी जिथं वर निघायचं तिथं, आणि सांगितलं की पाणचक्कीच्या हौदातल्या एका माशाच्या नाकात नथ आहे. दुपारपर्यंत अर्धं शहर हौदावर होतं. एका बाईनं तर ती नथ आपली असल्याचं सांगून रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी थोरल्यावर साय. त्यानंतर थापेचं काम माझ्याकडे आलं.

आत्यानं मला शिस्त मात्र लावली होती. "थाप अशी सोडायची," ती म्हणायची, "की ऐकणारा दोन दिवस खूष अन् तिसऱ्या दिवशी शहाणा. जनावर चालतं, पाणी चालतं, राजा-राणी चालते. घरच्यांशी थाप नाय. अन् दुखणं-मरण तर तोंडात आणायचंच नाय."

"का गं?"

"ते ऐकत असतंय."

मी बारा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात गंगापूरकडचे गाडीवान बाजारात येईनासे झाले. जे आले त्यांनी सांगितलं, तिकडं पलेग आहे. पलेग म्हणजे काय हे आमच्या घरात समजावून सांगावं लागत नव्हतं. आजोबा त्यातच गेले होते. आधी उंदीर पडतो. बिळातून बाहेर येतो, दारुड्यासारखा झोकांड्या खातो आणि भरदिवसा अंगणात मरतो. तो दिसला की हातातला घास टाकून घर सोडायचं, वेशीबाहेर शेतात झोपड्या घालायच्या. जो मागं राहील त्याच्या काखेत गाठ. त्यामुळं त्या दिवसांत लोक सकाळी उठून आधी कोपरे बघत आणि मग एकमेकांची तोंडं. बोलणं कमी झालं. भिंतीमागचं पाणी त्यामुळं जास्तच ऐकू येई. आणि त्यात माय माझ्या धाकट्या भावाला घेऊन सिल्लोडला माहेरी गेलेली.

खार माझ्या गळ्यातून उतरेनाच. मी दिवसातून सात वेळा कणगीमागं वाकून बघायची. सात म्हणजे सात. सहा वेळा बघितलं तर उंदीर सातव्यांदा येणार असं माझं गणित होतं. झोपण्याआधी चारही रांजणांच्या काठांना हात लावायचा, एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. आज हे सांगताना हसू येतं. मागच्या महिन्यात मात्र गॅसचं बटण बंद आहे का हे बघायला मी पाच वेळा उठले, तेव्हा फार हसण्यात अर्थ नाही.

आणि नेमकी त्या आठवड्यात थोरल्याची नीळ नासली. अशी नासली की वास बदलला. आंबटाचा कुजका झाला. दादांनी गूळ घातला, चुना घातला, शेवटी रांजणाच्या तोंडाशी कान लावून बसले. दोन दिवस जेवले नाहीत. "गेला तर बाकीचे तीनही जातील," एवढंच ते आत्याला म्हणाले. आत्यानं माझ्याकडे बघितलं.

मी सोडायच्या तेवढ्या सोडल्या. दौलताबादच्या तोफेत मधमाश्यांनी एवढं पोळं केलंय की तोफ डागली तर खुलताबादेपर्यंत मध पडेल, असं सांगितलं. बायकांनी घागरी उचलल्या आणि चालत्या झाल्या. मकबऱ्याचा एक मिनार पहाटे दुसऱ्याच्या कानात बोलतो, असं सांगितलं. कुणी 'नीळ नासली का' असंही विचारलं नाही. भ्यालेल्या माणसाला गंमत ऐकूच येत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच दिसत होतं की दादा रांजणापाशी बसलेत आणि दिवसेंदिवस लहान होताहेत.

चौथ्या सकाळी बंब्यावर राबियाचाची होती. तिची नसीम पहिल्या बाळंतपणाला खुलताबादेहून माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. चाचीनं घागर लावता लावता विचारलं, "क्या गे शेवंता, तोंड असं का उतरलंय? रातकू झोपली नै क्या?" आणि जे पंधरा दिवस गळ्यात अडकलं होतं ते तोंडातून बाहेर पडलं. मी म्हणाले, "चाची, उंदीर पडले. आमच्या बोळात. तीन. गरागरा फिरले, एकमेकांच्या अंगावर पडले अन् मेले. एकाच्या तोंडातून रक्त आलं, ते नालीपर्यंत गेलं."

चाची हसली नाही. तिनं विचारलं नाही की बघू कुठं. घागर तशीच भरून वाहत राहिली आणि ती पळाली. दुपारपर्यंत गल्ली रिकामी. माग थांबले, चुली विझल्या, दारांना कुलपं पडली, आणि बैलगाड्यांवर कणग्या, कोंबड्या आणि म्हातारी माणसं लादून सगळे वेशीबाहेर. मी थाप आहे म्हणून सांगायला तोंड उघडलं होतं. खरं सांगायचं तर तेव्हा एक भलतीच गोष्ट झाली होती, म्हणून मी ते मिटलं. खार उतरली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास येत होता. सगळे भ्याले आणि मी मोकळी झाले. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, त्यांची मला लाज नाही. त्या सुखाची आहे.

बातमी पहिल्यांदा कुणी आणली हे त्या पळापळीत कुणी विचारलं नाही. आम्ही मात्र गेलो नाही. निळीच्या वासाला उंदीर येत नाही असं दादांचं म्हणणं, आणि थोरल्याला सोडून ते स्वर्गातही गेले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. थोरल्यावर तांब्याची साय आली होती, मधोमध निळा फेस. दादा हसले, मला वाटतं मी त्यांना हसताना चारदाच पाहिलं, त्यातलं हे एक.

"काय सोडलंस गं?" आत्यानं विचारलं.

"मगर," मी म्हणाले. "नहरीत."

आत्यानं तपकिरीची चिमूट नाकाशी नेली आणि तिथंच धरून ठेवली.

पुढचे तीन दिवस रिकाम्या गल्लीत आम्ही तिघंच. मागाची खटखट नाही, पोरांचा आवाज नाही. चौथ्या दिवशी आत्यानं भाकरी आणि ठेचा बांधून दिला, समोरच्यांना नेऊन दे म्हणाली. वेशीबाहेर ज्वारीच्या कापलेल्या रानात झोपड्या होत्या. चटया, गोणपाट आणि जुन्या हिमरूचे तुकडे सुद्धा लावलेले. वारा असा की भाकरी हातातून उडून दिल्लीला जावी. नसीम एका गोणपाटाखाली बसली होती. ओठ काळे पडलेले, दोन्ही हात पोटावर, आणि दात वाजत होते. मला बघून म्हणाली, "शेवंता, आमच्या घरात पण पडले का गं उंदीर? अम्मीला विचारते तर ती सांगतच नै." खार एका उडीत गळ्यात. मी भाकरी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

राबियाचाचीनं माझ्या कानाखाली जी वाजवली ती अजून थंडीत वाजते. मग ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "या निराळ्यांच्या निळीच्या मारे," ती म्हणाली, "एक दिन सारा शहर कब्रस्तानात जाऊन बसेल, देखो तुम." संध्याकाळच्या आत सगळी गल्ली परत आली. येता-जाता प्रत्येकानं आमच्या दाराकडं बघून काही ना काही ऐकवलं. दादांना तेव्हा कळलं मी काय सोडलं होतं. त्यांनी थोरल्यावर झाकण ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले.

त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत गेले. थोरल्याच्या काठाशी उंदीर होता. झोकांडी वगैरे काही नाही. कुशीवर पडलेला, पाय जुळवून, डोळा उघडा. खार कुठंच नव्हती; छातीत नुसती थंडगार पोकळी होती.

मी आत्याकडे गेले. ती चुलीपाशी होती.

"आत्या, उंदीर पडला."

"शेवंते, जोड्यानं मारीन."

"एक आहे. थोरल्यापाशी."

आत्यानं मान वर केली. "अजून?"

"अजून काही नाही. एकच आहे. मेलेला."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या हातातलं पीठ खाली गळायला लागलं. जन्मल्यापासून माझ्या तोंडून एवढी लहान गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती. ती उठली, पडवीत गेली, आणि तिथूनच दादांना हाक मारली, "अरे, गाडी जुंप. हात लावू नका कुणी."

दादा गल्लीत गेले आणि दारोदारी सांगायला लागले. लोक दारात उभे राहून ऐकत आणि आत जात. राबियाचाची तर उंबऱ्यातूनच म्हणाली, "पुन्हा बिघडली क्या, भाई? या बारीला नक्को. नसीमला रातपासून कमर दुखतेय. मैं नै हिलती."

"भाभी, येऊन बघा. पडवीत आहे."

"एक मरा हुवा उंदीर कुठून पण आणता येतो."

ते खरंच होतं. दादा गल्लीच्या मधोमध उभे राहिले. मी दारात होते. मला वाटलं ते आता मला सगळ्यांसमोर मारतील, आणि तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं. ते माझ्या शेजारून आत गेले. हंडा घेतला, थोरल्याचं झाकण काढलं, हंडा बुडवला, भरून बाहेर आणला आणि गल्लीत ओतला. पुन्हा आत गेले. पुन्हा ओतला.

आत्या पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली. बाहेर आलेलं पाणी पिवळट हिरवं होतं, फरशीवरून वाहता वाहता काठांकडून निळं होत होतं, आणि नालीपर्यंत पोचेस्तोवर गर्द. हिमरूवाले झाले तरी तीन पिढ्या निराळ्यांसमोर राहिलेले. नासलेल्या निळीचं पाणी रंग बदलत नाही हे त्यांना सांगायची गरज नव्हती. नीळ जिवंत होती. जिवंत नीळ असलेल्या घराला थाप मारायचं कारण नव्हतं. आणि जिवंत थोरला जो माणूस रस्त्यावर ओततो, त्याच्यावर कुणी हसत नाही. दादा थांबले नाहीत. चाळीस हंडे म्हणा. मी इतरांना चारशे सांगते. शेवटी रांजणात वाकून ते वाटीनं काढत होते.

राबियाचाची पायऱ्या उतरून आली. वाकून बोट पाण्यात घातलं, वर धरलं, ते निळं होईपर्यंत बघितलं. मग आत वळून म्हणाली, "नसीम, चद्दर ले."

गल्लीतली दोन घरं तरीही राहिली. त्यांच्याविषयी मी काही वाढवून सांगणार नाही. महिनाभरानं त्या घरांना बाहेरून कुलूप लावायलाही घरचं कुणी उरलं नव्हतं. नसीमच्या पोटातली पोरगी आज माझ्या शेजारच्याच गल्लीत राहते, तिला पणतू झालाय, आणि ही म्हातारी लई थापा मारते असं सगळ्या शहराला तीच सांगत फिरते. दादांनी थोरला पुन्हा लावला नाही. पुढं ते मुंबईहून डब्यातून येणारा रंग वापरायचे. तो कधी नासत नसे, त्यामुळं आमच्या घरातलं माझं काम संपलं.

त्या संध्याकाळी मात्र यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. शेतात झोपडी घातली होती. दादा गाडीच्या चाकाला टेकून पलीकडे तोंड करून बसले होते. पाच हातांवर चाचीच्या गोणपाटामागून नसीम कण्हत होती. आत्यानं पुढं ठेवलेली भाकरी मी अजून मोडली नव्हती. आत्या शेजारी येऊन बसली.

"सांग," ती म्हणाली. "जेवढं दिसतंय तेवढंच सांग. वर एक अक्षर नको."

"नसीमला कळा येताहेत."

"अजून."

"चाचीनं पाणी तापत ठेवलंय. दादा बोलत नाहीत. वारा आहे." मी थांबले. "मला भ्या वाटतंय."

"किती?"

"लई."

"लई म्हंजे किती?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःच्या छातीत वाकून बघितलं. कणगीमागं बघावं तसं, कोपऱ्याकोपऱ्यातून बघितलं.

"घास गिळता येईल एवढं," मी म्हणाले.

आत्यानं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

"मग जेव."